प्रवास विमा: कुठला काढायचा आणि कुठला स्वतःच झेलायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा वर्षांत पंधरा-सोळा परदेशवाऱ्या झाल्या, दर वेळी विमा काढला, एकदाही क्लेम केला नाही. ते सगळे हप्ते साठवले असते तर एखादी सहल त्यातच निघाली असती. मग यापुढे विमा न काढता तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाकत गेलं तर काय बिघडेल? शिवाय यंदा सोबत ७४ वर्षांची आई आहे, तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत आणि तिच्या एकटीचा हप्ता तुम्हा नवरा-बायकोच्या मिळून हप्त्यापेक्षा जास्त सांगितला आहे.

प्रवास विम्याच्या क्लेममध्ये माझी एकोणीस वर्षं गेली. पहिली सात असिस्टन्स डेस्कवर, म्हणजे जिथे परदेशातून रात्री-अपरात्री फोन येतात तिथे, आणि पुढची कागद तपासण्यात. विमा कंपनी कशावर कमावते आणि कशावर घालवते, दोन्ही बघून झालंय. तुमचा हिशेब अर्धा बरोबर आहे. राहिलेला अर्धा मात्र फार महागात पडू शकतो.

बरोबर असलेला भाग आधी. तुम्ही भरलेल्या हप्त्यातून विक्रीचं कमिशन जातं, ऑफिसचा खर्च जातो, नफा जातो आणि उरतं त्यातून क्लेम दिले जातात. म्हणजे सगळ्या ग्राहकांची सरासरी काढली तर विमा घेणारा तोट्यातच असतो. हे लपवण्यासारखं काही नाही, प्रत्येक विम्याचं हेच आहे. तरीही तो कधी घ्यावा, याचं मला पटलेलं सर्वांत स्वच्छ उत्तर १७३८ सालचं आहे. डॅनिएल बर्नूली या गणितज्ञानं त्या वर्षी एक उदाहरण मांडलं. कायस नावाच्या व्यापाऱ्याचा दहा हजार रूबलचा माल ॲमस्टरडॅमहून सेंट पीटर्सबर्गला समुद्रमार्गे यायचा आहे. त्या दिवसांत शंभर जहाजांतली पाच बुडतात. म्हणजे विम्याची रास्त किंमत ५०० रूबल, पण ८०० च्या खाली कोणी विमा द्यायला तयार नाही. कायसला हा भाव लूट वाटतो. बर्नूलीनं उत्तर काढलं: या मालाखेरीज कायसकडे ५,०४३ रूबल असतील तर त्यानं विमा सोडून द्यावा, त्याहून कमी असतील तर भाव चढा असला तरी ८०० मोजावेत.

हप्ता महाग आहे की स्वस्त, या चर्चेत माणसं तासन्‌तास घालवतात. बर्नूलीनं तो प्रश्न बाजूला ठेवून, नुकसान झाल्यावर हाताशी काय उरतं एवढंच विचारलं. पण कायसचं एक सुख होतं. त्याचं नुकसान दहा हजारांवर थांबत होतं. जहाज बुडालं की विषय संपला. समुद्र त्याच्याकडे आणखी पैसे मागायला येणार नव्हता. दवाखाना येतो.

प्रवास विम्याची पॉलिसी हातात घेतली की मी तिचे दोन ढीग करतो. एका ढिगात ज्यांचा कमाल आकडा घर सोडण्याआधी माहीत असतो अशी नुकसानं: हरवलेली बॅग, चुकलेलं विमान, रद्द झालेलं हॉटेल. दुसऱ्यात ज्यांना वरचा आकडाच नसतो ती: दवाखाना, तिथून घरी आणण्याचा खर्च आणि तुमच्या हातून दुसऱ्याला झालेली इजा. पहिला ढीग बहुतेकांनी स्वतः झेलावा. दुसरा विकून टाकावा. गंमत अशी की लोक पॉलिसी निवडताना पहिल्या ढिगातल्या ओळी वाचतात, कारण बॅग हरवलेली कल्पनेत दिसते. अतिदक्षता विभाग दिसत नाही.

दुसऱ्या ढिगाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

डेस्कवरचा एक फोन सांगतो. रात्रीचे पावणेदोन. पलीकडे साठीच्या बाई. नवरा हॉटेलच्या ओल्या जिन्यावरून घसरला, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यानं वेदनाशामक दिलं, एक्स-रे काढला आणि मग सांगितलं की शस्त्रक्रियेची वेळ लावायची तर एक तर विमा कंपनीचं गॅरंटी लेटर द्या, नाहीतर अनामत रक्कम भरा. बाई म्हणाल्या, "पैसे आहेत हो आमच्याकडे, पण सगळं यांच्या फोनमध्ये आहे." फोन नवऱ्याच्या बोटानं उघडायचा, बँकेचा पासवर्ड त्याच्या डोक्यात, आणि तो गुंगीत. बाईंच्या स्वतःच्या कार्डाची मर्यादा मागितलेल्या अनामतीच्या चौथ्या हिश्शाएवढीही नव्हती. आम्ही रिपोर्ट मागवले, दवाखान्याशी बोललो, सकाळ व्हायच्या आत लेटर गेलं.

स्वतःच स्वतःचा विमा उतरवायचा असं ठरवणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो. पैसे असणं आणि परक्या देशात, सुट्टीच्या दिवशी, काही तासांत ते दवाखान्याच्या खात्यात पोचवता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात पैशांचा मालकच बहुधा खाटेवर असतो. मुदत ठेवीतली रक्कम इथे कामाची नाही.

त्या गृहस्थांची पुढची गोष्ट अजून बोलकी आहे. शस्त्रक्रिया नीट झाली. पण माणूस बसू शकत नसेल तर विमानात त्याला स्ट्रेचर लागतं आणि स्ट्रेचर म्हणजे इकॉनॉमीतल्या सहा ते नऊ सीट अडवणं. सगळ्या विमान कंपन्या ते देत नाहीत, देणाऱ्या रोजच्या प्रत्येक विमानात देत नाहीत. आधी डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय फॉर्म विमान कंपनीच्या डॉक्टरांकडे जातो, त्यांनी होकार दिला तरच तिकीट. सोबत नर्स किंवा डॉक्टर. दोन्ही टोकांना रुग्णवाहिका. बारीकसारीक गोष्टीही असतात: हाताला-पायाला नुकतंच पूर्ण प्लास्टर घातलं असेल तर पहिल्या दोन दिवसांत ते उभं चिरल्याशिवाय उडू देत नाहीत, कारण हवेत सूज वाढली तर आतला रक्तपुरवठा थांबू शकतो. फुप्फुसाभोवती हवा साठली असेल किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर आणखी थांबा, कारण केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा कमी असतो आणि शरीरात अडकलेली हवा फुगते. थांबायचं म्हणजे दवाखान्यात किंवा हॉटेलात. सोबत्याचं हॉटेल वेगळं, वाया गेलेली परतीची तिकिटं वेगळी.

ही सगळी साखळी एका ओल्या पायरीपासून सुरू झाली होती. यातली एकही रक्कम घरून निघताना कुणी सांगू शकलं नसतं. वेगळ्या खात्यात तुम्ही साठवाल ते पंधरा-सोळा हप्ते, म्हणजे तुमच्याच हिशेबानं एका सहलीचे पैसे. असा प्रसंग कित्येक सहलींचे पैसे खातो. आणि खातं भरेपर्यंत तो थांबेल असंही नाही. दुसऱ्याच प्रवासात आला तर खात्यात दोनच हप्ते असतील. विमा कंपनी जोखीम पेलते ती तिच्याकडे लाखो प्रवास असतात म्हणून. तुमच्याकडे आयुष्यात तीस-चाळीस. सरासरीचा फायदा मिळायला ते फार थोडे आहेत.

बारा वर्षांत क्लेम झाला नाही, यातून म्हणून फारसं काही सिद्ध होत नाही. हजारात एकदा घडणारी गोष्ट सोळा वेळा घडली नाही, इतकंच.

आता मधला मार्ग, जो मी स्वतः वापरतो. वैद्यकीय कव्हर मोठं घ्यायचं आणि डिडक्टिबल, म्हणजे आपल्या खिशातून जाणारा पहिला हिस्सा, झेपेल तेवढा जास्त ठेवायचा. ताप, पोट बिघडणं, पाय मुरगळणं, ओपीडीची दोन बिलं: हे सगळं माझं. त्यासाठी फॉर्म भरत बसण्यात अर्थ नाही आणि कंपनीला ते क्लेम तपासण्याचा खर्च पडत नाही म्हणून हप्ताही उतरतो. वरचा उघडा भाग त्यांचा. तुमच्या मनातली 'पैसे बाजूला ठेवू' ही कल्पना इथे चपखल बसते: ते खातं डिडक्टिबलएवढं असू द्या.

कव्हर किती मोठं? शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं आणि बरेच जण नेमकं तेवढंच घेतात. तो आकडा व्हिसा मिळण्यासाठी आहे. अतिदक्षता विभागातले काही दिवस आणि स्ट्रेचरवरची घरवापसी एकत्र आली तर तो पुरेलच असं नाही. अमेरिकेसारख्या ठिकाणी तर त्याच्या कितीतरी पट घ्या. मोठ्या कव्हरसाठी हप्ता त्या प्रमाणात वाढत नाही, कारण तितके मोठे क्लेम क्वचित येतात. दुप्पट कव्हर दुप्पट पैशांना, असा हिशेब करून माणसं उगाच छोटी पॉलिसी घेतात.

दायित्वाचं कव्हर एका ओळीत: स्कीइंग करताना किंवा भाड्याच्या सायकलवर तुम्ही कुणाला धडकलात आणि तो जन्माचा अधू झाला, तर त्यालाही वरचा आकडा नाही. पॉलिसीत ते आहे का बघा. भाड्याच्या मोटारीनं झालेलं नुकसान त्यात बहुधा धरत नाहीत, त्याचा विमा गाडीसोबत वेगळा.

पहिल्या ढिगाकडे येतो. बॅगेचा विमा मी काढत नाही. कारण साधं आहे: आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाची जबाबदारी विमान कंपनीवर असतेच. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे चेक-इन सामान हरवलं, फाटलं किंवा उशिरा आलं तर प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत भरपाई मागता येते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर धरा. ही मर्यादा डिसेंबर २०२४ च्या अखेरीस वाढवलेली आहे. हक्क मात्र कागदावर जिवंत राहतो: विमानतळाच्या बाहेर पडण्याआधी काउंटरवर तक्रारीचा पीआयआर फॉर्म भरा, नुकसान झालेल्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा आलेल्या सामानाची ते मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. माझी बॅग एकदा चार दिवस उशिरा आली. दोन शर्ट, दाढीचं सामान, चार्जर घेतला, बिलं पाकिटात ठेवली, विमान कंपनीला मेल केला, दोन महिन्यांनी पैसे आले. विम्याकडून मागितले असते तर पीआयआर आणि बिलं तशीही मागितलीच असती. उलट सामानाच्या विम्यात वस्तूमागे छोटी मर्यादा असते, जुनं झाल्याची घट कापतात, आणि कॅमेरा-लॅपटॉप-दागिने यांपैकी काहीतरी हमखास वगळलेलं असतं. अशा वस्तू हातातल्या बॅगेत ठेवणं हाच त्यांचा विमा.

विमानाच्या उशिराचंही तसंच. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या, किंवा तिथल्या कंपनीच्या तिथे येणाऱ्या विमानांना २००४ चा नियम लागू होतो: अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई, आणि वादळासारख्या अपवादात्मक कारणात भरपाई नाही पण खाणं आणि हॉटेल कंपनीनं द्यायचं. विमा असो वा नसो. जिथे असा नियम नाही तिथे एक रात्रीचं हॉटेल आपण भरू शकतो, एवढंच.

प्रवास रद्द होण्याचा विमा हा भाग मला खरोखर तोलावा लागतो. पूर्ण पॉलिसीच्या हप्त्यात याचाच वाटा बहुधा सर्वांत मोठा, कारण क्लेमही याचेच भरपूर येतात. नेहमीच्या सहलीत मी तो घेत नाही. रद्द करता येईल असं हॉटेल घेतो, आणि परतावा मिळणाऱ्या तिकिटाचा भाव किती जास्त आहे ते बघतो. तो जादा भाव म्हणजेही विम्याचा हप्ताच, फक्त त्यावर कुणी क्लेम नाकारत नाही. पण सहा महिने आधी पूर्ण पैसे भरलेली क्रूझ असेल, किंवा वर्षाच्या बचतीची एकच सहल असेल, तर कायसचं गणित लागू होतं: सगळं बुडालं तर उरलेल्यात भागतं का? भागत नसेल तर घ्या.

घेतलात तर दोन गोष्टी. एक, यात कारणांची यादी असते. आजारपण, जवळच्या नात्यातला मृत्यू, घराला आग, असं. ऑफिसनं रजा नाकारली, मन बदललं, तिकडच्या बातम्या वाचून भीती वाटली, यांचे पैसे मिळत नाहीत. कुठल्याही कारणासाठी रद्द करता येईल असा प्रकार काही बाजारांत मिळतो, पण तो महाग असतो, पूर्ण रक्कम परत देत नाही आणि पहिलं बुकिंग केल्यापासून थोड्याच दिवसांत घ्यावा लागतो. दोन, रद्द होण्याचं कव्हर पॉलिसी घेतल्या दिवसापासून सुरू होतं, वैद्यकीय कव्हर निघाल्या दिवसापासून. म्हणून फक्त वैद्यकीय हवं असेल आणि व्हिसासाठी ते आधी दाखवायचं नसेल, तर आदल्या दिवशी काढलं तरी चालतं. रद्द होण्याचं हवं असेल तर बुकिंगच्याच दिवशी काढा. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडचा एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखी उसळला, युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद राहिलं आणि लाखभर उड्डाणं रद्द झाली. राख ही 'खराब हवामान' या शब्दांत बसते का, यावर तेव्हा रणं माजली. पण राखेची बातमी आल्यावर ज्यांनी विमा काढला, त्यांना वादालाही जागा नव्हती. माहीत असलेल्या संकटाचा विमा नसतो. वादळाला नाव पडलं की उशीर झाला.

क्रेडिट कार्डावर फुकट मिळणारा विमा कमी लेखू नका आणि त्यावर विसंबूही नका. तिकीट त्याच कार्डानं घेतलेलं असावं लागतं, आणि मोठा छापलेला आकडा बहुतेकदा विमान अपघातातल्या मृत्यूचा असतो. वैद्यकीयचा आकडा पुढच्या पानावर बारीक अक्षरात.

आणि दारू, दुचाकी, उंची. नशेत झालेला अपघात बहुतेक पॉलिसींत नाही. भाड्याची स्कूटर चालवताना तिच्या वर्गाचा वैध परवाना नसेल तर नाही, मग चूक समोरच्याची असो. ट्रेकिंगला किती मीटरपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं. पाच हजार मीटरला जाणाऱ्यानं साडेतीन हजारांपर्यंतची पॉलिसी काढू नये. या तीन ठिकाणी माझ्या टेबलावरचे बहुतेक वाद सुरू होत.

उरल्या तुमच्या आई. त्यांच्यासाठी विमा सोडायचा विचार डोक्यातून काढा. हप्ता जास्त आहे कारण धोका जास्त आहे. कंपनीनं तो आकडा चिडून ठरवलेला नाही. काटकसर करायचीच तर तुमच्या दोघांचं डिडक्टिबल वाढवून करा.

मात्र त्यांची पॉलिसी तुम्ही स्वतः वाचा. वयाची एक पायरी ओलांडली की काही पॉलिसींत उपमर्यादा लागतात: वर मोठा आकडा, आत खोलीभाडं, सर्जनची फी, अतिदक्षता विभागाचा दिवस या प्रत्येकाला वेगळी छोटी मर्यादा. हप्त्यातला फरक तिथूनच येतो. उपमर्यादा नसलेली, कव्हरचा आकडा लहान असला तरी चालेल, अशी पॉलिसी मी आधी शोधेन. आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते शब्दन्‌शब्द बघा: काही ठिकाणी फक्त जीव वाचवण्यापुरतं, काही ठिकाणी अजिबात नाही, काही ठिकाणी जादा हप्ता घेऊन पूर्ण. प्रवासाआधीच्या अमुक दिवसांत औषध बदललेलं नसावं अशीही अट असते. फॉर्म भरल्यावर आणि निघण्याआधी डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला तर कंपनीला मेलनं कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

आणि रक्तदाब लिहा. हप्ता वाढेल म्हणून गाळू नका. एक फाइल माझ्या अजून लक्षात आहे. गृहस्थांना परदेशात हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली. फॉर्मवर प्रत्येक आजारापुढे 'नाही'. दवाखान्याच्या दाखल करतानाच्या नोंदीत मात्र तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'पत्नी सांगते, आठ वर्षं रक्तदाबाची गोळी चालू.' पत्नीनं बरोबरच केलं होतं, डॉक्टरांपासून लपवून कसं चालेल? त्या एका ओळीवर क्लेम गेला. नकाराच्या पत्रावर सही माझी होती. नियमाप्रमाणे दुसरं काही करता येत नव्हतं, आणि त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी असिस्टन्सचा नंबर, पॉलिसी नंबर आणि आईंच्या गोळ्यांची डोससकट यादी कागदावर लिहून तिघांच्याही पाकिटात ठेवा. दवाखान्यात भरती व्हायच्या आधी, निदान त्याच दिवशी, त्या नंबरवर फोन करा. उशिरा कळवल्यामुळे कॅशलेस अडकलेली प्रकरणं मी ढिगानं पाहिली आहेत. फोनला चार्जिंग नसतं, नेमकं तेव्हाच.